नव्याचा सण : रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाची ओळख आणि तिचे भवितव्य

भाद्रपद सरत येतो, कोकणातील भात पोटरीस येते, पावसाचा जोर ओसरतो आणि घरोघरी नवरात्राची तयारी सुरू होते. याच सुमारास, बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या आगेमागे, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणखी एका समाजाचे नवे वर्ष उगवते. हिब्रू पंचांगाच्या तिश्री महिन्याची ती पहिली तिथी. जगातील इतर ज्यू तिला 'रोश हशाना' म्हणतात; आमच्या कोकणातील बेने इस्रायल मंडळी मात्र पिढ्यान्पिढ्या तिला 'नव्याचा सण' म्हणत आली आहेत. हिब्रू पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच चंद्राच्या कलांवर चालते आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी तेही अधिक मास धरते. त्यामुळे दहाव्या दिवशीचा त्यांचा उपवासाचा महादिवस पुष्कळदा आपल्या दसऱ्याच्या आसपास येतो, मांडवाचा सण कोजागिरीच्या सुमारास येतो आणि पुरीमचा सण तर होळीच्या इतका जवळ येतो, की या समाजाने त्याला सरळ 'होळीचा सण' असेच नाव देऊन टाकले.

नावांचा हा गोडवा निव्वळ कौतुकाचा विषय नाही. धर्म एका भूमीचा आणि भाषा दुसऱ्या भूमीची, असे असूनही दोहोंत तिळमात्र विरोध न मानता एक समाज शतकानुशतके कसा जगला, याची साक्ष ही नावे देतात. तोच समाज आज आपल्या मूळ गावांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो गेला कोठे, जाताना त्याने बरोबर काय नेले, मागे काय ठेवले आणि 'आम्ही कोण?' या प्रश्नाचे त्याचे उत्तर कसकसे बदलत गेले, याचा विचार नव्या वर्षाच्या या पर्वावर करणे आम्हांस उचित वाटते.

नवगावचा किनारा

अलिबागच्या उत्तरेस नवगाव नावाचे गाव आहे. फार प्राचीन काळी या किनाऱ्याजवळ एक गलबत खडकावर आपटून फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. समुद्राने किनाऱ्यावर आणलेली प्रेते वाचलेल्यांनी नवगावातच मूठमाती देऊन पुरली. ते स्थान आजही दाखविले जाते आणि तेथे स्मारक उभे आहे. हे लोक नेमके कोणत्या शतकात आले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. या समाजाचे आद्य इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतका मागे नेला होता. त्यासाठी त्यांनी दाखविलेली एक खूण लक्षात घेण्यासारखी आहे. त्या शतकातील विजयाच्या स्मरणार्थ ज्यू लोक 'हनुक्का' हा दिव्यांचा सण पाळतात. तो या समाजास मुळीच ठाऊक नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या एका अभ्यासात या समाजाच्या रक्तात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. म्हणजे तपशील काहीही असो, समुद्रापलीकडून आलेले पूर्वज आणि या मातीतील मायेची माणसे, या दोहोंच्या पोटी हा समाज घडला, हे त्यांच्या कथेने सांगितलेले सत्य शास्त्रानेही नाकारलेले नाही.

जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथही बुडाले, असे ते सांगत. ग्रंथ नाहीत, धर्मगुरू नाहीत, मायभूमीशी संबंध नाही. अशा अवस्थेत त्यांच्यापाशी उरले ते फार थोडे. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शमा इस्रायल' हे ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारे एकच वचन. बारसे असो, लग्न असो वा मृत्यू असो, प्रत्येक प्रसंगी तेच वचन उच्चारले जाई. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर एक समाज शतके ओलांडून गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे धर्म टिकविण्यास ग्रंथभांडार किती लागते आणि निष्ठा किती लागते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पोटासाठी या मंडळींनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी मात्र घाण्याचा बैल सुटा असे आणि लाट थांबलेली असे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. गावाने दिलेले हे नाव त्यांची पहिली ओळख ठरले. कोकणच्या रीतीप्रमाणे त्यांची आडनावेही गावांवरून पडली. किहीमचे ते केहिमकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. स्त्रियांच्या अंगावर लुगडे आणि गळ्यात मंगळसूत्र आले, लग्नाआधी हातांवर मेंदी चढली. गावगाड्यातील जातींचे चांगलेवाईट दोन्ही गुण या समाजाने उचलले. शुद्ध रक्ताचे 'गोरे' आणि मिश्र विवाहातून झालेले 'काळे' असा भेदही त्यांच्यात शिरला आणि दोहोंमधील रोटीबेटीव्यवहार दीर्घकाळ बंद राहिला. ज्यांना पुढे स्वतःच शुद्धतेच्या कसोटीवर उभे राहावे लागले, त्यांनी आपल्यातीलच काहींना त्या कसोटीवर उभे केले होते, ही गोष्ट इतिहासाने नोंदवून ठेवली आहे.

सणांची मराठी नावे

या समाजाच्या जुन्या सणांकडे पाहिले, की त्यांच्या संसाराचे चित्रच डोळ्यांपुढे उभे राहते. नव्याच्या सणानंतर 'खिरीचा सण' येई. नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवून त्या दिवशी देवाचे स्मरण करीत. दहाव्या दिवशी 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. जगातील ज्यू ज्याला 'योम किप्पूर' म्हणतात, तोच हा प्रायश्चित्ताचा कडक उपवास. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, घराची दारे बंद करून, परक्याचा स्पर्शही टाळून ही मंडळी ईश्वरचिंतनात दिवस घालवीत. दुसरा दिवस 'शिळ्या सणाचा'. तो दानधर्माचा आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठींचा. वल्हांडणाच्या सणास ते 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, कारण त्या आठ दिवसांत आंबवणाचे भांडे झाकून ठेवावे लागे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस हा 'बिरड्यांचा सण' होता. त्या दिवशी कडव्या वालांचे बिरडे करीत. मंदिर पडले ते दूर जेरुसलेमात, त्याचे दुःख जपले गेले ते वालाच्या बिरड्यात. आमच्या मते यापरते समरसतेचे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या सर्वांत आगळा विधी 'मलिद्या'चा. भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ वा साखर, वेलदोड्याची पूड आणि वर फळे, असे ताट मांडून एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण करतात. नवस फेडताना, लग्न ठरल्यावर, नव्या घरात पाऊल ठेवताना मलिदा होतोच. अलिबागजवळ खंडाळे-सागाव परिसरात एका खडकावर काही खुणा आहेत. प्रेषित एलियाहूचा अग्निरथ स्वर्गाकडे जाताना येथे टेकला, ती त्याच्या चाकांची आणि घोड्यांच्या टापांची चिन्हे आहेत, अशी श्रद्धा आहे. जगाच्या पाठीवर अन्यत्र कोणत्याही ज्यू समाजास हे तीर्थ ठाऊक नाही. परंतु या समाजाची माणसे आज सातासमुद्रांपलीकडून आली तरी त्या खडकापुढे मलिद्याचे ताट मांडल्याशिवाय परत फिरत नाहीत.

ओळख देणारे परके

येथवरची ओळख गावाने दिलेली होती. यापुढची ओळख बाहेरून आलेल्या माणसांनी दिली. दावीद रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने या लोकांना प्रथम ओळखले, अशी परंपरा आहे. त्याने घरातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेगळे काढले. तोरात सांगितलेला निर्बंध नेमका हाच. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधींचे शिक्षण दिले आणि त्यांच्याकडे 'काजी'पद आले. रहाबीचा काळ कोणता, यावर मतभेद आहेत. पण १७३८ साली सार्टोरियस या पाद्र्याने लिहिलेल्या पत्रात या समाजाचा उल्लेख असून, 'शमा' या प्रार्थनेपलीकडे त्यांना फारसे ठाऊक नसल्याची नोंद आहे.

अठराव्या शतकात या समाजाचे अनेक तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिरले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा संकल्प त्यांनी केला होता, असे सांगतात. तो त्यांनी १७९६ साली मुंबईत 'शआर हाराहमीम' अर्थात 'दयेचे द्वार' हे मंदिर उभारून पुरा केला. बेने इस्रायल मंडळी प्रार्थनामंदिरास मराठीत 'मशीद' म्हणत. मुंबईच्या मशीद बंदर या नावाचे मूळ या मंदिरात असल्याचे मानले जाते.

पुढची गंमत अशी, की या समाजास हिब्रूची गोडी लागण्यास ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळाही कारण झाल्या. मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणले आणि हिब्रूचे व्याकरण शिकविले. धर्मांतराची त्यांची आशा मात्र फळास आली नाही. उलट मराठीत वाचावयास मिळालेल्या जुन्या करारामुळे या समाजाची आपल्या धर्मावरील पकड घट्ट झाली. वल्हांडणाची 'हग्गादा' १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या त्या पुस्तकातील चित्रांत महाराष्ट्रीय वेषातील स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत बांधून बेने इस्रायल कीर्तनकार झांजा-पेटीच्या साथीवर कीर्तने करू लागले. अलिबागेत १८४८ साली 'मागेन आबोथ' मंदिर स्थापन झाले. त्याची सध्याची वास्तू १९१० सालची आहे. १८४९ साली पनवेलचे 'बेथ एल' उभे राहिले. रेवदंडा, पेण, नांदगाव, बोर्ली, आंबेपूर, म्हसळे, श्रीवर्धन अशा गावोगावी मंदिरे झाली. त्यांचा कारभार मुकादम आणि चौगुला पाहत. गबई हिशेब ठेवी, हजान प्रार्थना म्हणे, शमाश दिवाबत्ती करी. मुकादम-चौगुला हे गावगाड्याचे शब्द आणि गबई-हजान-शमाश हे हिब्रू परंपरेतले; पण ते एकाच बाकावर बसले आणि कोणासही त्यात विजोड वाटले नाही.

'शनिवार तेली' हे नाव मागे पडले ते या काळात. समाज स्वतःस अभिमानाने 'बेने इस्रायल' म्हणवू लागला. त्यातून डॉक्टर, शिक्षक, सरकारी नोकर, सैनिक आणि कलावंत निघाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी स्त्रियांच्या वैद्यकात आयुष्य वेचले आणि १९६६ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. 'बूटपॉलिश'मधील जॉन चाचा अजरामर करणारे डेव्हिड हे चौलच्या चेऊलकरांचेच. इंग्रजी कवितेत ज्यांनी भारतीय बोलीचा सूर आणला ते निस्सीम इझिकेल याच समाजातले. त्यांना आपण ज्यू आहोत याचा विसर पडला नाही आणि आपण येथले आहोत याचाही पडला नाही.

परतीची वाट आणि तिथला उंबरठा

१९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. त्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. दोन हजार वर्षांच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव येत होते, तिने हाक दिली आणि माणसे निघाली. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. युरोपातून ज्यू निघाले ते छळाने पोळून. कोकणातून निघाले त्यांना कोणी हाकलले नव्हते. आपल्या पूर्वजांच्या वाट्यास या भूमीत छळ आला नाही, हे ही मंडळी परदेशातही आवर्जून सांगतात. कोणी श्रद्धेने गेले, कोणी आप्तांमागे गेले, कोणी पोटापाण्याच्या आशेने गेले. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांनी नवे संसार मांडले.

तेथे मात्र वेगळाच उंबरठा आडवा आला. १९५१-५२ साली वागणुकीतील भेदभावाच्या तक्रारीवरून काही कुटुंबांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि ती भारतात परत आली. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने असा निर्देश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथावाचून, गुरूवाचून शनिवार पाळला, त्यांनाच 'तुम्ही खरे ज्यू काय?' असे विचारले गेले. समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव केला आणि धर्मपीठासही आपला निर्देश बदलावा लागला. हा विजय मोठा खरा, परंतु त्यामागील व्यथाही तितकीच मोठी. कोकणात त्यांच्या ज्यूपणाची शंका गावकऱ्यांना कधी आली नाही. घाण्याची शनिवारी थांबलेली लाट एवढा पुरावा गावास पुरे होता.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे पंचाऐंशी हजार ज्यू असल्याचे सांगितले जाते आणि त्यांत बेने इस्रायलच बहुसंख्य आहेत. तेथे मेंदीचे समारंभ होतात, मलिद्याची ताटे मांडली जातात, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. परंतु तेथे जन्मलेल्या नातवंडांची भाषा हिब्रू आहे. आजीच्या मराठीला नातू हिब्रूत उत्तर देतो, हा अनुभव घरोघरीचा आहे. म्हणजे येथे धर्म अल्पसंख्य होता आणि भाषा बहुसंख्यांची. तेथे धर्म बहुसंख्यांचा झाला आणि भाषा अल्पसंख्य झाली. जपावयाची वस्तू बदलली, जपण्याचे ओझे तेच राहिले.

अमेरिकेतील प्रश्न, कोकणातील प्रश्न

इस्रायलच्या खालोखाल ज्यू वस्ती आहे ती अमेरिकेत. १६५४ साली ब्राझीलहून आलेल्या तेवीस माणसांनी आजच्या न्यूयॉर्कच्या जागी तिचा पाया घातला. २०२० सालच्या प्यू संस्थेच्या पाहणीनुसार तिची संख्या लहानथोर धरून सुमारे पंचाहत्तर लाख आहे. विद्या, धन, मान यांत हा समाज अग्रेसर. तथापि त्याच पाहणीत असेही दिसले, की प्रौढ ज्यूंपैकी सत्तावीस टक्के लोक स्वतःस धर्माने ज्यू म्हणवीत नाहीत, वंशाने वा संस्कृतीने म्हणवितात. आणि २०१० नंतर ज्यांची लग्ने झाली, त्यांतील एकसष्ट टक्क्यांनी अन्यधर्मीय जोडीदार निवडला. ज्यू कोणास म्हणावे, यावर तेथील पंथांत एकवाक्यता नाही. सनातनी मंडळी आईवरून धर्म ठरवितात. सुधारक पंथाने १९८३ साली निर्णय घेतला, की पित्याकडून ज्यू असलेल्या आणि तशा संस्कारात वाढलेल्या अपत्यासही ज्यू मानावे. दुसरीकडे २०१८ साली पिट्सबर्गच्या प्रार्थनामंदिरात गोळीबार होऊन अकरा माणसे मारली गेली आणि आपण येथे सर्वस्वी निर्धास्त आहोत, या समजुतीस तडा गेला.

एवढ्या बलाढ्य समाजासही 'पुढच्या पिढीचे काय?' हा घोर लागलेला आहे, हे पाहिले म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरील मूठभर माणसांची चिंता एकाकी वाटत नाही. दोन्हींकडे प्रश्न एकच आहे. छळ नसताना, दार मोकळे असताना, शेजारी आपला मानीत असताना वेगळेपण कशाच्या बळावर टिकवावे? अमेरिका हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षे सोडवीत आहे. कोकणाने तो घाण्याच्या लाटेपाशी आणि बिरड्याच्या पातेल्यापाशी त्याहून कितीतरी आधी सोडविला होता. त्याचे उत्तर असे होते, की वेगळेपणाच्या गोष्टी थोड्या असाव्यात पण त्या सोडू नयेत, आणि बाकी सर्व बाबतींत गावाचे व्हावे. आज न्यूयॉर्क परिसरातही बेने इस्रायल कुटुंबे आहेत आणि सणावारी एकत्र येतात. मुंबईत वाढलेल्या चित्रकार सायोना बेंजामिन न्यू जर्सीत राहून बायबलमधील स्त्रिया निळ्या वर्णात रंगवितात. आपण कोठल्या, हा प्रश्न त्यांच्या चित्रांतून सतत उमटतो. अमेरिकेतील ज्यूंना आपल्यातही इतक्या तऱ्हा आहेत, हे या मंडळींकडे पाहून उमगू लागले आहे.

मात्र या उत्तरास एक अट होती, हे विसरून चालणार नाही. लग्नसंबंध समाजातच होत, म्हणून ते उत्तर टिकले. गावात पंचवीस घरे असतील तर स्थळ सापडते. दोनच घरे उरली तर आईबापांनी मुलांस काय सांगावे? मुलीने परगावी, परदेशी जावे, की परधर्मात लग्न करावे, हा पेच आज भारतात उरलेल्या प्रत्येक ज्यू घरापुढे आहे. त्यावर बाहेरच्याने उपदेश करणे सोपे, पण त्या घरात राहून निवड करणे कठीण, एवढेच आम्ही म्हणू शकतो.

दहा माणसांचा हिशेब

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढांची उपस्थिती लागते. परंपरेने हे दहा पुरुष असतात. त्यास 'मिनयान' म्हणतात. समाजाचे भवितव्य मोजण्याचे याहून नेमके माप नाही. मंदिराची कौले शाबूत असतील, पवित्र पट गुंडाळून कपाटात सुरक्षित असतील, दिव्यात तेल असेल. पण दहावा माणूस आला नाही तर प्रार्थना अपुरी राहते. रायगडच्या अनेक गावांत हा दहावा माणूस मिळेनासा झाला आहे. आज साऱ्या भारतात मिळून ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या घरात आहे. त्यांतील मोठा भाग मुंबई-ठाण्यात असून १८७९ साली स्थापन झालेले ठाण्याचे 'शआर हशामाइम' मंदिर गजबजलेले असते. अलिबागेच्या इस्रायल आळीचे नाव कायम आहे. तेथील इस्रायली घरे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे शिक्षणसंस्था चालविणे, आपल्या धर्माची स्वतंत्र नोंद होणे, या गोष्टी सुकर झाल्या. १९९२ साली भारत-इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, तेव्हापासून जाणेयेणेही वाढले आहे. परदेशी वाढलेली मुले आजोबांचे आडनाव ज्या गावावरून पडले, ते गाव शोधीत येतात. केहिमकर किहीमच्या वाटेवर उभा राहतो, नवगावकर नवगावच्या स्मारकापाशी. त्यांना मराठी येत नाही, पण त्यांच्या नावातच एक मराठी गाव आहे. जगातील कोणत्या निर्वासितास आपला पत्ता इतका नेमका ठाऊक असतो?

म्हणून या समाजाची कथा संपली, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तिचे स्थळ पालटले आहे. परंतु या किनाऱ्यावरील तिच्या खुणा राखण्याचे काम आता केवळ बेने इस्रायलांचे नाही. ते आम्हा सर्वांचे आहे. गावोगावची ज्यू दफनभूमी, जिच्या दगडांवर हिब्रू आणि मराठी अक्षरे शेजारी शेजारी कोरलेली आहेत, ती झुडपांत बुजू नये आणि इमारतींखाली जाऊ नये, हे ग्रामपंचायतींनी पाहिले पाहिजे. हिब्रू-मराठी प्रार्थनाग्रंथ, कीर्तनांची बाडे, लग्नपत्रिका, जुनी छायाचित्रे यांचा संग्रह वाचनालयांनी आणि विद्यापीठांनी करावयास हवा. वृद्ध स्त्रियांच्या ओठी असलेली मराठी गाणी त्या आहेत तोवर ध्वनिमुद्रित झाली पाहिजेत. मंदिरे पर्यटकांस दाखविण्यास हरकत नाही. पण ती प्रथम प्रार्थनेची घरे आहेत, मग प्रेक्षणीय स्थळे, हे पाहुण्यांनी आणि यजमानांनी दोघांनीही ध्यानी ठेवावे. आणि शाळेत कोकणचा इतिहास शिकविताना आंग्र्यांच्या आरमाराबरोबर शनिवार तेल्यांच्या घाण्याचाही उल्लेख यावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

एखादा समाज गावातून जातो तेव्हा जाणाऱ्यांचे काय झाले, याची चौकशी सगळे करतात. राहिलेल्यांचे काय गेले, हे कोणी विचारीत नाही. कोकणच्या गावाने काय गमावले? शनिवारी घाणा थांबला की देवाचा दिवस आला हे ओळखणारा शेजार गमावला. आपल्याहून वेगळ्या देवाची प्रार्थना आपल्याच भाषेत होते, हे सहज पाहण्याची सवय गमावली. ही सवय पुन्हा सहजासहजी लागत नाही. आजच्या काळात तिचे मोल कोणासही सांगावयास नको.

यंदाही तिश्रीचा चंद्र दिसेल. ठाण्यात, मुंबईत, अलिबागेत, तसेच दिमोना आणि न्यूयॉर्कमध्ये सफरचंद मधात बुडविले जाईल आणि येणारे वर्ष गोड जावो, अशी प्रार्थना होईल. शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा तो दीर्घ नाद ज्यांच्या कानी पडेल, त्या आमच्या सर्व बेने इस्रायल बंधुभगिनींस, ते जेथे असतील तेथे, नव्याच्या सणाच्या हार्दिक शुभेच्छा. तुमचे घर जगात कोठेही असो, तुमच्या आडनावातील गाव येथेच आहे.